अंगालगतचें वस्त्र

इतिहासकारांचें लक्ष वस्त्रांकडे गेलें म्हणजे तें बहुधा बाहेरच्या वस्त्रांकडे जातें. पैठणीचा पदर, दरबारी जामा, पागोट्याचे पेंच, यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु या सर्वांच्या आंत, प्रत्यक्ष कातडीला भिडून, जें एक साधें वस्त्र माणसाचा घाम टिपीत आलें, त्याची हकीकत क्वचितच कोणी सांगतो. तें दिसत नाहीं, म्हणून त्याला मान नाहीं. वस्तुतः श्रम करणाऱ्या माणसाचा खरा संबंध त्याच वस्त्राशीं असतो. नांगर धरणारा, तालमींत घुमणारा, ओझें वाहणारा, डोंगर चढणारा, या सर्वांचें स्वास्थ्य आणि प्रसंगीं त्यांचा जीवहि त्या एका पातळ पदरावर अवलंबून असतो.

हा विषय सुचण्याचें कारण घरगुतीच आहे. अंजनगांव सुर्जी हें आमचें गांव चहूं बाजूंनीं कपाशीनें वेढलेलें. पहाटे फिरावयास निघालें म्हणजे धांवण्याचा सराव करणारी मुलें रस्त्यांत भेटतात. पोलिसांत किंवा सैन्यांत भरती व्हावें ही त्यांतील पुष्कळांची उमेद. त्यांच्यांतच माझा एक भाचाहि असतो. या मुलांच्या अंगांत जो चकचकीत, तंग सदरा असतो त्यांत कापसाचा एकहि धागा नसतो. तो सबंध पॉलिएस्टरचा असतो. कापसाच्या राजधानींत कापूस अंगाला लागत नाहीं हें पाहून मला प्रथम हंसूं आलें आणि मागाहून थोडा रागहि आला. भाच्याला मीं तसें बोलूनहि दाखविलें. त्यानें शांतपणें विचारलें, “मामा, तुमचा गंजीफ्रॉक घामानं भिजला म्हणजे वाळायला किती वेळ लागतो?” या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. पुढील विवेचन हें त्या उत्तराच्या शोधांतून निघालें आहे.

अंजनगांवचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत एका तहामुळें राहिलें. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवच्या मैदानांत इंग्रजांची शिंदे-भोसल्यांच्या फौजांशीं लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ तारखेस भोसल्यांनीं देवगांवचा तह केला आणि ३० तारखेस दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यांत सुर्जी-अंजनगांवचा तह झाला. त्या तहाच्या कलमांशीं आपल्याला येथें कर्तव्य नाहीं. मात्र या सबंध मोहिमेंत आर्थर वेलस्लीच्या पायदळाच्या अंगावर काय होतें हें पाहण्यासारखें आहे. गोरा शिपाई असो कीं कंपनीचा काळा शिपाई असो, त्याच्या अंगावर तांबडा बनाती डगला असे, म्हणजे लोकरीचें घट्ट, जाड कापड. ज्या भूमींत कापूस पायाखालीं उगवत होता त्या भूमींत तो शिपाई मेंढीच्या लोकरींत गुंडाळलेला लढत होता. वस्त्राची निवड शरीराच्या गरजेवरून होतेच असें नाहीं. ती सत्तेवरून, रूढीवरून आणि व्यापाराच्या सोयीवरूनहि होते, याचें हें आपल्या दारांतलें उदाहरण होय.

इंग्रजांची ही लोकरीवरील श्रद्धा पुढेंहि दीर्घ काळ टिकली. हिंदुस्थानांत येणाऱ्या गोऱ्या माणसानें अंगालगत फ्लॅनेल घालावें असा वैद्यकीय सल्ला एकोणिसाव्या शतकांत सर्रास दिला जात असे, आणि पटकीपासून बचाव व्हावा म्हणून पोटाला फ्लॅनेलचा पट्टा बांधण्याची चाल सैन्यांत पडली होती. पटकी पाण्यांतून येते, पोटाच्या गारव्यांतून येत नाहीं, हें कळल्यावरहि तो पट्टा लवकर सुटला नाहीं. उलट दिशेनें पहिलें पाऊल पडलें तें १८४६ च्या सुमारास पेशावरकडील गाइड्स पलटणींत. तेथें सुती, मातकट रंगाचा पोषाख आला आणि ‘खाकी’ हा शब्द जगभर गेला.

आतां आपल्या माणसाकडे वळूं. वऱ्हाडांतील शेतकरी जाड्याभरड्या सुताची बंडी किंवा कोपरी घाली, कमरेला आंखूड नेसलेलें धोतर, डोक्याला मुंडासें. उन्हाळ्यांत येथें पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. हवा भट्टीसारखी कोरडी असते. अशा हवेंत घाम येतो तो तत्काळ उडून जातो. अंगावर ओलावा थोडा वेळ टिकून राहिला तर तो त्रास न वाटतां सुख वाटतें. सुती बंडी घाम शोषून घेते, तो धरून ठेवते आणि सावकाश सोडते. म्हणजे ती मातीच्या माठाचेंच काम करते. ती सैल असते, म्हणून खालून वारा शिरतो. मुंडाशाचे थर उन्हाला आडवे येतात. हा पोषाख दारिद्र्याचा होता हें खरें, परंतु तो अडाणी नव्हता.

पावसाळ्यासाठीं मात्र त्याच शेतकऱ्यापाशीं निराळी सोय होती, ती म्हणजे घोंगडी. धनगराच्या मेंढीची लोकर आणि सणगराचा माग यांतून निघालेलें हें वस्त्र भिजलें तरी ऊब देतें. लोकरीचा तंतु पाण्याची वाफ आपल्या पोटांत घेतो आणि ती घेतांना थोडी उष्णता बाहेर टाकतो, हें शास्त्र शेतकऱ्याला ठाऊक नव्हतें. पण गुण ठाऊक होता. दक्षिणी मेंढीची लोकर भरड, कातडीला टोंचणारी; म्हणून ती अंगालगत न घालतां वरून खोळ करून घेत. उन्हाला कापूस आणि ओल्या गारठ्याला लोकर, ही वांटणी आपल्या पूर्वजांनीं कोणत्याहि प्रयोगशाळेवांचून केलेली होती. पुढें आपण ती निम्मी विसरलों आणि ‘आपल्या हवेला कापूस’ एवढेंच निम्में वाक्य पाठ म्हणत राहिलों.

व्यायामाच्या क्षेत्रांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनें सुटला होता. मल्लविद्येची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे हें बाराव्या शतकांतील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांतील मल्लविनोदाच्या वर्णनावरून दिसतें. मल्लाचा पोषाख म्हणजे लंगोट किंवा जांघ्या. उरलेलें अंग उघडें. तें तांबड्या मातीनें माखलेलें. मल्लखांबावर तर वस्त्र जितकें कमी तितकें बरें, कारण लांकडाची पकड कातडीनें घ्यावयाची असते आणि तें लांकूडहि एरंडेलानें माखलेलें असतें. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं या मंडळाच्या पथकानें भारतीय खेळांचीं व व्यायामाचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं, हा वऱ्हाडच्या अभिमानाचा विषय आहे. तालमीच्या आणि मैदानाच्या या जगांत अंगालगतच्या वस्त्राचा प्रश्न उत्पन्नच होत नव्हता. कारण खेळ संपला कीं माणूस घरीं जाई, आंघोळ करी आणि कोरडें नेसे. घामानें भिजलेल्या अंगानें थंड वाऱ्यांत तासन् तास राहण्याचा प्रसंग त्याला येत नसे. प्रश्न उत्पन्न झाला तो माणूस हौसेनें डोंगरावर आणि बर्फांत जाऊं लागला तेव्हां.

तत्पूर्वीं कापसाच्या भाग्याकडे एक दृष्टि टाकली पाहिजे. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस लँकेशायरला मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर खिळली. रुळ आले, सरकीच्या गिरण्या आल्या. १८७० सालीं खामगांवपर्यंतचा रेल्वेफांटा व्हाइसरॉय मेयो यांच्या हस्तें उघडण्यांत आला. अमरावतीच्या नांवावरून ‘उमरा’ ही कापसाची जात मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारांत चालूं लागली. हा कापूस आंखूड धाग्याचा. त्याचें बारीक सूत निघत नसे, म्हणून विलायतेंत त्याला कमी मान; परंतु जाड सुताच्या टिकाऊ कापडाला तो उत्तम. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेदजी टाटांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस जेथें पिकतो त्याच्या शेजारींच तो विणावा या हिशेबानें.

याच काळांत बंडीची जागा हळूहळू गंजीफ्रॉकानें घेतली. हा शब्द मूळ इंग्लिश खाडींतील गर्न्झी बेटाचा. तेथील कोळी आणि खलाशी लोकरीचा, फांसाफांसानें विणलेला घट्ट सदरा घालीत. त्याचें नांव इकडे येतां येतां ‘गंजी’ झालें, लोकर गळाली आणि कापूस आला. फांसाच्या विणीचा गुण हा कीं कापड ताणतें, अंगाबरोबर हालतें आणि बगलेंत काचत नाहीं. उभ्या-आडव्या धाग्यांच्या मागावरील कापडाला हें साधत नाहीं. दोष हा कीं एक फांस तुटला तर शेजारचे सुटत जातात. विसाव्या शतकांत तमिळनाडूंतील तिरुपूर हें या विणीचें मोठें केंद्र झालें आणि पांढरा सुती गंजीफ्रॉक मध्यमवर्गीय पुरुषाच्या अंगाला कातडीसारखा चिकटला.

युरोपांत या सुमारास अंगालगतच्या वस्त्रावर मोठा वाद माजला होता. १८८० च्या सुमारास जर्मनींतील गुस्ताफ येगर यानें वनस्पतिजन्य वस्त्र शरीरास अपायकारक आणि प्राणिज लोकर तेवढी आरोग्यदायक, असा सिद्धांत मांडला. त्यांत अतिशयोक्ति होती; परंतु थंड देशांत श्रमणाऱ्यानें अंगालगत कापूस टाळावा हा त्यांतला व्यवहार्य अंश खरा होता. त्याच्या उलट १८८८ पासून इंग्लंडांत लुइस हॅस्लम याचें ‘एअरटेक्स’ नांवाचें जाळीदार सुती कापड निघालें. त्यामागची कल्पना अशी कीं ऊब कापडांत नसून कापडांत कोंडलेल्या हवेंत असते. हीच कल्पना पुढें एका नॉर्वेजियन लष्करी अधिकाऱ्यानें टोकाला नेली. हेन्रिक ब्रून यानें १९३३ सालीं मासे पकडण्याच्या जुन्या जाळ्यांचाच अंगांत घालावयाचा सदरा केला! अंग आणि वरचें वस्त्र यांमध्यें हवेचे कप्पे राहिले, घामाची वाफ निसटूं लागली आणि अंग कोरडें राहिलें. १९५३ सालीं एव्हरेस्टवर गेलेल्या तुकडीनेंहि असले जाळीदार सदरे वापरले.

एव्हरेस्टचा उल्लेख आला म्हणून १९२४ सालच्या मॅलरीचेंहि स्मरण होतें. त्याचा देह १९९९ सालीं सांपडला आणि त्यावरील कपड्यांचे तुकडे अभ्यासूं गेलें असतां असें दिसलें कीं रेशीम, कापूस आणि लोकर यांचे अनेक पातळ थर एकावर एक घालून वर गॅबर्डिन घातलेलें होतें. २००६ सालीं त्याच नमुन्याचे कपडे शिवून हिमालयांत वापरून पाहण्यांत आले, तेव्हां ते हलके आणि सुखकर असल्याचा अनुभव आला. जुन्या माणसांना थरांचें तत्त्व उमगलें होतें. आजचें शास्त्र त्याच तत्त्वावर उभें आहे. सर्वांत आंतल्या थराचें काम घाम अंगावरून उचलून बाहेर पोहोंचविणें, मधल्याचें ऊब राखणें आणि बाहेरच्याचें वारा व पाऊस अडविणें. फरक पडला तो आंतल्या थराच्या धाग्यांत.

या धाग्याचा इतिहास फार जुना नाहीं. १९३५ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनींत वॉलेस कॅरदर्स याच्या हाताखालीं नायलॉन तयार झालें. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन या दोघांनीं पॉलिएस्टरचा धागा काढला, तोच टेरिलीन. १९५४ सालीं इटलींत नात्ता यानें पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केलें, आणि १९५८ सालीं रबरासारखें ताणणारें स्पॅन्डेक्स निघालें. आपल्या घरांत हे धागे प्रथम शिरले ते प्रतिष्ठेचा पोषाख म्हणून. टेरिलीनचा सदरा आणि टेरिकॉटची विजार यांना इस्त्री लागत नाहीं आणि त्यांचा रंग जात नाहीं, याचें विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत केवढें कौतुक होतें हें वडील मंडळींना आठवत असेल! त्या कापडांत मे महिन्यांत जीव गुदमरे हेंहि त्यांना आठवत असेल. कृत्रिम कापड म्हणजे उकाडा, ही जी आपली समजूत आहे ती त्या दिवसांतली आहे. त्या वेळचें तें कापड घट्ट विणीचें होतें, आणि तें घामासाठीं केलेलेंच नव्हतें.

खेळासाठीं म्हणून या धाग्यांचा विचार पुढें झाला. १९७० नंतरच्या दशकांत नॉर्वेमधील हेली हॅन्सन कंपनीनें पॉलिप्रॉपिलीनचीं अंतर्वस्त्रें काढलीं. अमेरिकेंतील पॅटागोनिया कंपनीनेंहि १९८० सालीं तीच वाट धरली, आणि १९८५ सालीं पॉलिप्रॉपिलीन सोडून ती निराळ्या प्रक्रियेच्या पॉलिएस्टरकडे वळली. १९८६ सालीं ड्यू पाँनें खांचा असलेला पॉलिएस्टर धागा काढला, त्याच्या खांचांतून घाम दिव्याच्या वातींतील तेलाप्रमाणें सरकत जावा हा हेतु. आपल्या महाराष्ट्रांत १९८२ सालीं रायगड जिल्ह्यांतील पाताळगंगा येथें रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षाच्या १८ जानेवारीस मुंबईच्या कापडगिरण्यांचा प्रसिद्ध संप सुरू झाला होता. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडूं नये. गिरण्यांच्या ऱ्हासाचीं कारणें पुष्कळ आहेत. परंतु एकाच राज्यांत, एकाच वर्षीं, एक युग मावळत होतें आणि दुसरें उगवत होतें एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां सुखाची तुलना करूं. हवेंत ६५ टक्के आर्द्रता असतांना १०० ग्रॅम कोरडी लोकर सुमारें १६ ग्रॅम पाणी आपल्या तंतूंत सामावून घेते, कापूस सुमारें ८ ग्रॅम, नायलॉन ४, पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमहूनहि कमी, आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. याचा अर्थ पॉलिएस्टरचें कापड भिजतच नाहीं असा नव्हे. त्याच्या धाग्यांच्या फटींत पाणी राहतें. परंतु तंतूच्या आंत तें जात नसल्यामुळें पिळलें, झटकलें आणि वारा लागला कीं लवकर निघून जातें. कापसाचा तंतु पाणी पोटांत घेऊन फुगतो, फटी बुजतात, कापड अंगाला चिकटतें आणि तेथेंच ओलें राहतें. घाम उडण्यांत शरीराची उष्णता खर्चीं पडते, एका लिटरला सुमारें ५८० किलोकॅलरी. ही उष्णता उन्हांत धांवणाऱ्याच्या अंगांतून जाणें हितावह आहे. पण चढण संपवून वाऱ्यांत बसलेल्या माणसाच्या अंगांतून ती जाऊं लागली तर त्याला हुडहुडी भरते. शिवाय पाणी स्थिर हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट उष्णता वाहून नेतें. म्हणजे जो गुण अंजनगांवच्या वैशाखांत उपकारक तोच हिमालयांत घातक. कापूस बदलत नाहीं, हवा बदलते.

पॉलिएस्टरच्या सुखाला दुसरी बाजूहि आहे, ती दुर्गंधीची. २०१४ सालीं बेल्जममधील गेंट येथील संशोधकांनीं व्यायामानंतरचे सदरे तपासले, तेव्हां कांहीं दुर्गंधीकारक जंतु कापसापेक्षां पॉलिएस्टरवर अधिक वाढतात असें आढळलें. तेलकट घाम या धाग्याला धरून बसतो आणि धुतल्यानेंहि पुरता जात नाहीं. लोकरीला हा दोष फार कमी. म्हणून अलीकडे बारीक मेरिनो लोकरीचीं अंतर्वस्त्रें पुन्हां आलीं आहेत. तीं टोंचत नाहींत, भिजलीं तरी ऊब देतात आणि कित्येक दिवस घातलीं तरी वास येत नाहीं. त्यांचा दोष किंमतीचा आणि टिकाऊपणाचा.

टिकाऊपणाच्या बाबतींत पहिला मान नायलॉनचा. घांसण्याला तें सर्वांत अधिक टिकतें, म्हणून पाठीवरील पिशवीचे पट्टे जेथें घांसतात तेथें त्याचें मिश्रण करतात. त्याच्यामागून पॉलिएस्टर, ओल्यांत त्याची ताकद मुळींच कमी होत नाहीं आणि तें उन्हालाहि नायलॉनपेक्षां चांगलें टिकतें. पॉलिप्रॉपिलीन वजनानें सर्वांत हलकें, पाण्यावर तरंगणारें. परंतु सुमारें १६५ अंशांवर वितळणारें, म्हणून इस्त्रीला भिणारें. मेरिनो लोकर ओली झाली म्हणजे दुबळी होते आणि बगलेंत, खांद्यावर लवकर विरते. कापसाची गोष्ट चमत्कारिक आहे. तो भिजला म्हणजे दुबळा होत नाहीं, उलट कांहींसा बळकट होतो. आपल्या धोब्यानें शतकानुशतकें दगडावर आपटलेलें कापड टिकलें तें याच गुणामुळें. तथापि तो पडला आंखूड तंतूंचा. घांसतां घांसतां तंतु निसटतात आणि कापड झिजून पातळ होतें. पॉलिएस्टर तसें झिजत नाहीं; त्याच्यावर बारीक गोळे येतात, आणि ते गळून न पडतां कापडालाच धरून राहतात.

अग्नीची परीक्षा निराळीच. सुती कापड जळतें, पण राख होऊन पडतें. कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. याच कारणास्तव २००६ सालीं अमेरिकेच्या मरीन सैनिकांना इराकमध्यें छावणीबाहेर असले सदरे घालण्यास मनाई करण्यांत आली होती. शेकोटीशेजारीं बसणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें. आणि शेवटचा दोष असा कीं जो टिकतो तो मेल्यावरहि टिकतो. एका कृत्रिम वस्त्राच्या एकाच धुण्यांत १९०० हून अधिक सूक्ष्म तंतु पाण्यांत जाऊं शकतात असें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसलें. कापूस मातींत पडला तर माती होतो. हे तंतु नदींतून समुद्रापर्यंत जातात आणि तेथेंच राहतात.

एवढें वाचून झाल्यावर पुस्तकी ज्ञानाला अनुभवाची जोड मिळाली ती अशी. गेल्या पावसाळ्यांत आम्ही मामा-भाचे चिखलदऱ्याहून गाविलगडावर गेलों. ११०० मीटरांच्या आसपासची ती उंची, धुकें, अखंड भुरभूर आणि अंगाला झोंबणारा वारा. मीं हट्टानें जाड सुती गंजीफ्रॉक आणि वर सुती सदरा घातला होता. चढतांना कांहीं वाटलें नाहीं. घाम येत होता, अंग तापलें होतें. परंतु दरवाज्याच्या कमानींत पाऊस थांबण्याची वाट पाहत बसलों आणि थोड्याच वेळांत माझे दांत वाजूं लागले. बोटें वळेनात, शिदोरीची गांठ भाच्यानें सोडली. त्याचा सदराहि भिजला होता, पण तो अंगांतच वाळत चालला होता. अखेर त्यानें आपल्या पिशवींतून दुसरा एक तसलाच सदरा काढला आणि कांहींहि न बोलतां माझ्यापुढें धरला. मीं तो घातला. अर्ध्या तासानें मी माणसांत आलों. त्या दिवशीं पाऊस आणखी तीन तास टिकता आणि तो सदरा नसता, तर हा लेख लिहिण्यास मी असतों कीं नाहीं, कोण जाणे!

पुढें चैत्रांत उलट प्रकार घडला. आमच्या गांवीं दुपारचें ऊन तापलें असतां भाचा त्याच सदऱ्यांत शेतावर कामाला गेला आणि संध्याकाळीं वैतागून परतला. सबंध दिवसाच्या उन्हांत तो सदरा चिकटला, पाठीवर घामोळें उठलें आणि वास तर असा कीं आईनें तो बादलींत वेगळा टाकला. दुसऱ्या दिवशीं त्यानें आजोबांची जुनी सुती बंडी मागून घेतली. या वेळीं मीहि कांहीं बोललों नाहीं.

गडावरची हकीकत मीं माझ्या मेहुण्यांना सांगितली. त्यांचें शेत कपाशीचें. २००२ सालीं सरकारनें परवानगी दिलेल्या बीटी वाणांचा चढ आणि उतार दोन्ही त्यांनीं पाहिलेले. बियाण्याचा खर्च, बोंडअळी, पावसाची लहर आणि बाजाराचा भाव यांच्या कात्रींत विदर्भांतील किती घरें उद्ध्वस्त झालीं हें सर्वश्रुत आहे. तीं घरें त्यांनीं जवळून पाहिलेलीं. मला वाटलें होतें, मुलाच्या अंगावरील परकें कापड त्यांना खुपत असेल. ते म्हणाले, “आपून कापूस पेरतो म्हनून पोरानं थंडीनं मराव का?” या वाक्यानें माझ्या रागाचें मूळच उपटून टाकलें. माझा राग शेतकऱ्याच्या वतीनें होता अशी माझी समजूत होती. पण शेतकऱ्यानें मला वकीलपत्र दिलेलें नव्हतें.

तथापि प्रश्न तेवढ्यानें मिटत नाहीं. आज जगांत तयार होणाऱ्या एकंदर धाग्यांपैकीं निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे आणि कापसाचा वांटा चौथाईहूनहि कमी झाला आहे. हें सर्व कांहीं पर्वतारोहकांनीं केलेलें नाहीं. डोंगरावर जाणारे थोडे. परंतु डोंगरासाठीं केलेलें कापड स्वस्त झालें आणि गांवांतील प्रत्येक मुलाच्या अंगावर आलें, जेथें त्याची गरज नव्हती तेथेंहि. १८०३ सालच्या शिपायाच्या अंगावर वैशाखांतहि बनात होती, कारण ती सरकारनें दिली होती. आजच्या मुलाच्या अंगावर वैशाखांत पॉलिएस्टर आहे, कारण तें दुकानांत आहे आणि स्वस्त आहे. दोन्ही प्रसंगीं हवेला कोणी विचारलें नाहीं.

माझ्यापुरता निष्कर्ष असा. पावसांत, थंडींत, उंचावर जाणाऱ्यानें अंगालगत कापूस घालूं नये. पॉलिएस्टर घालावें किंवा ऐपत असल्यास मेरिनो लोकर. त्यांत अभिमान आड आणूं नये, कारण गारठा अभिमान ओळखीत नाहीं. ओझें पाठीवर असेल तर नायलॉनमिश्रित कापड पाहावें. शेकोटीपासून दूर बसावें. धुतांना गरम पाणी आणि फार घांसणें टाळावें, म्हणजे सदराहि टिकतो आणि नदींत तंतुहि कमी जातात. उलट कोरड्या उन्हांत, शेतावर, मैदानावर, तालमींत सैल सुती वस्त्रासारखें दुसरें वस्त्र नाहीं.

आणि कापसासाठीं कांहीं करावयाचें असेल तर मुलांना उपदेश न करतां तें कापडावर करावें. मुंबईस माटुंग्याला १९२४ सालापासून कापसाच्या तंतूंची परीक्षा करणारी प्रयोगशाळा आहे. नागपुरास कापूस संशोधनाची मध्यवर्ती संस्था आहे. आपल्या आंखूड धाग्याच्या देशी कापसापासून उन्हांत धांवणाऱ्यासाठीं हलका, जाळीदार, टिकाऊ सदरा कां होऊं नये, हा प्रश्न त्यांनीं व गिरणीवाल्यांनीं मनावर घेण्यासारखा आहे. तो सदरा पॉलिएस्टरच्या किंमतींत आणि त्याच्याइतकाच टिकाऊ मिळाला, तर अंजनगांवचीं मुलें तो उन्हाळ्यांत घालतील याविषयीं मला शंका नाहीं. कारण भाच्याच्या अंगावर ती आजोबांची बंडी मीं पाहिली आहे. पावसाळ्यासाठीं मात्र माझ्या पिशवींत आतां त्याचा तो जुना सदरा घडी करून ठेवलेला असतो.